आरशातला प्रवासी : जुन्या कार्यालयीन इमारतींतील लिफ्टच्या अंतर्रचनेची समीक्षा

प्रास्ताविक

इमारतीविषयी आपण बोलतो तेव्हा तिचा दर्शनी भाग, कमानी, जिने, फार तर प्रवेशदालन यांविषयी बोलतो. लिफ्टविषयी बोलतो ते ती बंद पडल्यावर. वास्तविक बहुमजली कार्यालयीन इमारतीत कामानिमित्त येणारा माणूस ज्या एका खोलीतून हमखास जातो, ती खोली म्हणजे लिफ्टची केबिन होय. साहेबांची केबिन सर्वांच्याच वाट्याला येते असे नाही. लिफ्टची मात्र येते. चार-सहा माणसांना जेमतेम उभे राहता येईल एवढी ही खोली असते, आणि परस्परांना न ओळखणारी माणसे तिथे काही क्षण खांद्याला खांदा लावून उभी असतात. यंत्राचे आयुष्य इमारतीच्या आयुष्यापेक्षा कमी असल्यामुळे इमारत साठ-सत्तर वर्षांची होईपर्यंत लिफ्ट एक-दोनदा तरी बदलावी लागते. यंत्राबरोबर, आणि पुष्कळदा यंत्र तेच ठेवूनही, केबिनचा अंतर्भाग नव्याने सजविला जातो. या नव्या सजावटीची समीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा करावयास हवा. शासकीय मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. ‘उद्वाह’ या संस्कृत शब्दाचा एक प्रसिद्ध अर्थ ‘विवाह’ असा आहे, ही गंमत बाजूला ठेवली तरी लोकांच्या तोंडी ‘लिफ्ट’ हाच शब्द आहे. म्हणून लेखात तोच वापरला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : जुन्या इमारतींतील लिफ्टच्या अंतर्भागाची पुनर्रचना आज प्रामुख्याने ‘दिसण्या’साठी केली जाते. केबिनचा खरा उपयोग मात्र उभे राहणे, धरणे, चाचपणे, ऐकणे आणि सुखरूप बाहेर पडणे हा आहे. या उपयोगाच्या कसोटीवर नवी केबिन अनेकदा जुन्या केबिनपेक्षा उणी ठरते, आणि तिचे उणेपण ज्यांना सर्वाधिक जाणवते त्यांचे मत सजावट ठरविताना कोणी विचारलेले नसते.

एक प्रसंग

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका प्रसंगामुळे. माझे एक ज्येष्ठ सहकारी दृष्टिहीन आहेत. निवृत्तीनंतर काही कागदपत्रांच्या निमित्ताने त्यांना मुंबईच्या फोर्ट भागातील एका जुन्या इमारतीत वरचेवर जावे लागे. तेथील लिफ्ट जुन्या पद्धतीची होती. जाळीचे दोन सरकते दरवाजे, लाकडी भिंती, हाताला लागणारी पितळी कडी, छताला लहानसा पंखा आणि कोपऱ्यात लिफ्टमनचे स्टूल. हे सहकारी त्या लिफ्टमधून अनेक वर्षे एकटे जात-येत. बाहेरच्या जाळीवरून मजले सरकताना येणारा आवाज ते मोजत. एका मजल्यावर टंकलेखनाचा, पुढे संगणकाच्या छपाईयंत्राचा आवाज येई, दुसऱ्या मजल्यावर चहाचा वास येई. शिवाय लिफ्टमन मजल्याचे नाव पुकारीत असे.

काही वर्षांनी त्यांच्यासोबत मी त्या इमारतीत गेलो तेव्हा लिफ्ट नवी झाली होती. आरशासारख्या चकचकीत स्टीलच्या भिंती, मागे पूर्ण रुंदीचा आरसा, छतात बसविलेले लहान दिवे, काळा ग्रॅनाइट आणि बटणांच्या जागी काचेचा सपाट स्पर्शफलक. माझे सहकारी आत गेले, सवयीने भिंतीवर हात फिरवू लागले. तळहात फलकावरून फिरताच चार मजल्यांचे आकडे एकदम उजळले. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत गेली. आम्ही कोणत्या मजल्यावर आहोत हे त्यांना सांगणारे केबिनमध्ये काहीही नव्हते. सोबतचे दोघे-तिघे घड्याळाकडे पाहू लागले. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “सर, पूर्वी इथे मी एकटा येत होतो.”

हा प्रसंग सांगण्याचा उद्देश जुन्या लिफ्टचे गुणगान करण्याचा नाही. जाळीच्या दरवाजातून हात, पाय, पदर बाहेर जाऊ शकतो, आणि त्यातून होणारी इजा गंभीर असते. दोन्ही दरवाजे नीट लागल्याखेरीज ती लिफ्ट हलत नसे, आणि कोणी वरच्या मजल्यावर दरवाजा उघडा टाकून गेला की खालच्यांना जिना चढावा लागे. चाकाच्या खुर्चीसाठी तर ती नव्हतीच. बंद, स्वयंचलित दरवाजाची केबिन सुरक्षिततेच्या दृष्टीने नि:संशय पुढचे पाऊल आहे. प्रश्न असा की, हे पाऊल टाकताना जुन्या केबिनमध्ये सहजगत्या असलेले, कोणीही मुद्दाम न योजलेले जे गुण होते, त्यांची नोंद कोणी घेतली काय? आवाज, स्पर्श आणि एका माणसाची उपस्थिती हे ते गुण होत. ते गेले, आणि त्यांच्या जागी त्यांचे काम करणारे काही आले नाही.

बैठकीची खोली ते पेटी

लिफ्टच्या अंतर्भागाचा इतिहास पाहिला तर प्रारंभी तिचा विचार खोली म्हणूनच झाला होता असे दिसते. एलिशा ओटिस यांनी दोर तुटला तरी केबिन न कोसळण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८५४ मध्ये लोकांसमोर करून दाखविली, आणि १८५७ मध्ये त्याच शहरातील हॉवूट यांच्या दुकानाच्या इमारतीत त्यांची प्रवासी लिफ्ट बसली. १८५९ मध्ये फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलमध्ये ओटिस टफ्ट्स या दुसऱ्या संशोधकाने बसविलेल्या लिफ्टमध्ये प्रवाशांसाठी गादीची बाके होती. लिफ्ट संथ होती, अनोळखी होती, आणि तिच्याविषयी मनात भीती होती. बसण्याची सोय ही केवळ ऐषारामाची बाब नव्हती. ती प्रवाशाला दिलेले आश्वासन होती.

१८७० मध्ये न्यूयॉर्कच्या इक्विटेबल विमा कंपनीच्या इमारतीत प्रवासी लिफ्ट आली आणि कार्यालयीन इमारतीचे अर्थकारण बदलले. तोवर वरचे मजले कमी भाड्याचे असत, कारण तिथवर चढून जावे लागे. लिफ्टने हा क्रम उलटा केला. उजेड, वारा आणि दृश्य लाभलेले वरचे मजले महाग झाले. पुढे वेग वाढला, मजले वाढले, गर्दी वाढली. बाक गेले, खोलीची पेटी झाली. ‘केबिनमध्ये माणूस किती वेळ असतो?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काही सेकंद’ असे झाल्यावर तिच्या अंतर्भागाचा विचार माणसाच्या शरीराच्या अंगाने करण्याचे कारण उरले नाही. उरला तो डोळ्यांचा विचार.

आरशाची गोष्ट

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ती सहसा रसेल एकॉफ यांच्या नावाशी जोडली जाते. एका इमारतीतील लोक लिफ्टसाठी फार वेळ थांबावे लागते अशी तक्रार करीत होते. अभियंत्यांनी सुचविलेले सर्व उपाय महाग होते. मग कोणीतरी लिफ्टच्या बाहेर आरसे लावण्याचे सुचविले. आरसे लागले, लोक स्वत:ला न्याहाळू लागले आणि तक्रारी थांबल्या. प्रश्न वेगाचा नसून कंटाळ्याचा होता, असे तात्पर्य या गोष्टीतून काढले जाते.

हे तात्पर्य चतुर आहे. परंतु ते अपुरे आहे असे मला वाटते. आरशामुळे तक्रार गेली, थांबण्याचा वेळ गेला नाही. ज्याला आरशात पाहता येत नाही, किंवा ज्याला तेवढा वेळ उभे राहता येत नाही, त्याच्यासाठी परिस्थितीत तसूभरही फरक पडला नाही. पायात बळ नसलेल्या वृद्धाला आरसा म्हणजे उत्तर नव्हे. खुर्ची हे उत्तर आहे. तक्रार करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे समाधान झाले म्हणजे प्रश्न सुटला असे मानण्याची ही वृत्ती आहे, आणि लिफ्टच्या अंतर्सजावटीत आज तीच प्रबळ आहे.

आरशाला दुसरीही बाजू आहे. एडवर्ड टी. हॉल यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात माणसामाणसांतील अंतराचे जे टप्पे मांडले, त्यांत सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतील अंतर हे निकटच्या नात्यांचे मानले आहे. लिफ्टमध्ये अनोळखी माणसे या अंतराच्या आत येतात. हे अवघडलेपण निभावण्यासाठी माणसे एकमेकांची दखल घेऊन नजर वळवितात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याचे वर्णन केले आहे. त्याला मराठीत ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणता येईल. ज्या केबिनच्या तिन्ही भिंती प्रतिबिंब दाखवितात तिथे नजर वळवायची कुठे? जिकडे पाहावे तिकडे कोणीतरी आपल्याकडे पाहत असते. आरशामुळे केबिन मोठी भासते हे खरे; परंतु त्यामुळे गर्दीही दुप्पट भासते. एकट्या स्त्रीला पाठीमागे कोण आहे हे आरशात दिसते, हा त्याचा उपयोगही नाकारता येणार नाही. त्याच आरशात ती इतरांना सर्व बाजूंनी दिसते, हेही तितकेच खरे.

याचा अर्थ आरसा नको असा नाही. चाकाची खुर्ची लहान केबिनमध्ये वळविता येत नाही. ती उलटी बाहेर काढावी लागते. अशा वेळी मागच्या भिंतीवरील आरशात उंबरठा आणि मागे उभी असलेली माणसे दिसणे अत्यंत उपयुक्त असते. मात्र त्यासाठी आरसा पुरेसा खाली आलेला हवा. सजावटीचा आरसा कित्येकदा कठड्याच्या वर सुरू होतो. तो उभ्या माणसाचा चेहरा दाखवितो, बसलेल्या माणसाला काहीच दाखवीत नाही. वस्तू तीच, परंतु ती कोणासाठी लावली यावर तिचा अर्थ ठरतो.

दोन नमुने

सुंदर केबिन आणि उपयुक्त केबिन यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. न्यूयॉर्कमधील दोन इमारतींच्या उदाहरणांवरून हे स्पष्ट करता येईल. पहिली विल्यम व्हॅन अ‍ॅलन यांची १९३० मधील क्रायस्लर इमारत. तेथील लिफ्टचे दरवाजे आणि केबिनच्या भिंती यांवर निरनिराळ्या लाकडांच्या पातळ पापुद्र्यांचे जडावकाम आहे, आणि सर्व केबिन एका साच्यातील नाहीत. प्रवेशदालनाच्या लाल संगमरवरी भिंतींपाशी जी कल्पना सुरू होते ती केबिनमध्ये पुढे चालू राहते. १९७८ मध्ये या इमारतीला नगराच्या वारसास्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा केवळ बाह्यांगाला नव्हे, तर आतील प्रवेशदालनालाही संरक्षण मिळाले. लिफ्ट हा इमारतीच्या आशयाचा भाग आहे, बाहेरून आणून बसविलेला सामान-सरंजाम नव्हे, ही जाणीव तिथे दिसते.

दुसरी इमारत मिएस व्हान डेर रोहे आणि फिलिप जॉन्सन यांची १९५८ मधील सीग्रॅम इमारत. तिथे जडावकाम नाही, नक्षी नाही. केबिनच्या भिंतींवर स्टेनलेस स्टील आणि ब्राँझ यांच्या तारांची विणलेली जाळी आहे. ही निवड डोळ्याला सुखावणारी आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती शहाणपणाची आहे. विणीच्या खडबडीत पृष्ठावर ओरखडा उठून दिसत नाही, बोटांचे ठसे दिसत नाहीत, दिव्याचा झोत डोळ्यांवर उलटत नाही, आणि हात टेकला तर निसटत नाही. हजारो खांदे आणि पिशव्या घासून जाणार आहेत, हे वास्तव तिने आधीच मान्य केले आहे.

आपल्याकडील चकचकीत स्टीलची केबिन या उलट आहे. ती उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत सुंदर असते. त्यानंतर प्रत्येक प्रवासी तिला थोडा थोडा बिघडवीत जातो. मग ‘भिंतीला हात लावू नये’ अशी सूचना चिकटते. ज्या खोलीत आधारासाठी भिंतीला हात लावण्याची मनाई करावी लागते, त्या खोलीच्या रचनेत काहीतरी मूलत: चुकले आहे असे म्हणावे लागेल. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे अधिकच जाणवते. जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक जण ओली छत्री आणि ओल्या चपला घेऊन आत येतो. घोटलेल्या ग्रॅनाइटवर पाणी साचले की तो निसरडा होतो, आणि मग त्यावर पुठ्ठा किंवा गोणपाट अंथरले जाते. गोणपाट ही त्या ग्रॅनाइटवरची खरी समीक्षा होय. ती शिपायाने केलेली असते.

न दिसणारा प्रवासी

अंतर्सजावट ही निरुपद्रवी, वरवरची बाब आहे असा एक समज असतो. लिफ्टच्या बाबतीत तो तांत्रिकदृष्ट्याही चुकीचा आहे. केबिन दोरांच्या एका टोकाला असते आणि दुसऱ्या टोकाला प्रतिभार टांगलेला असतो. केबिनचे स्वत:चे वजन अधिक तिच्या क्षमतेचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग, इतके या प्रतिभाराचे वजन ठेवतात. मोटर, ब्रेक, दोर आणि आपत्कालीन पकड यांची गणिते या तोलावर बसविलेली असतात.

आपल्याकडे केबिनमधील पाटीवर ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असे लिहिलेले असते. म्हणजे माणशी ६८ किलो धरलेले असतात. भारतीय मानकात अशा केबिनचे अंतर्माप ११०० बाय १००० मिलिमीटर आहे. या १.१ चौरस मीटर तळावर १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट बसविला, तर घनतेच्या हिशेबाने सुमारे ५३ किलो वजन वाढते. मागच्या भिंतीवर २.१ मीटर उंचीचा, ५ मिलिमीटर जाडीचा आरसा लावला, तर आणखी सुमारे २९ किलो. दोन्ही मिळून ८२ किलो. म्हणजे पाटीवरील हिशेबाने एकाहून अधिक माणूस त्या केबिनमध्ये कायमचा चढून बसला. तो उतरत नाही, दिसत नाही, आणि पाटीवरचा आकडा मात्र तोच राहतो. अमेरिकेतील सुरक्षा संहितेत केबिनचे वजन व क्षमता यांची बेरीज ५ टक्क्यांहून अधिक वाढली तर तो यंत्रणेतील फेरबदल समजला जातो, तो याच कारणास्तव. प्रतिभार पुन्हा तोलता येतो, यंत्रणा तपासून घेता येते. परंतु ते व्हायचे तर सजावटकार आणि लिफ्टचा अभियंता यांनी एकत्र बसले पाहिजे. सजावटीचे काम फर्निचरच्या कंत्राटात घातले की ही बैठक होण्याची शक्यता मावळते.

वारसा आणि कायदा

मुंबईतील जुन्या कार्यालयीन इमारतींच्या संदर्भात येथे दोन प्रश्न एकत्र येतात : वारशाचा आणि हक्काचा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली बॅलार्ड इस्टेट किंवा १९३० च्या दशकातील फोर्टमधील आर्ट डेको इमारती यांचे मोल आता मान्य झाले आहे. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसाविषयक नियम आले. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला. परंतु सर्वोच्च श्रेणीखालील इमारतींत अंतर्गत बदलांना या नियमांनी साधारणत: मोकळीक ठेवलेली आहे. परिणामी दर्शनी भागाची खिडकी बदलण्यापूर्वी विचार होतो; जिन्याच्या मधोमध असलेली लाकडी केबिन मात्र एका रविवारी भंगारात जाते.

दुसरीकडे, सुरक्षिततेसाठी कायदा आहे. मुंबई लिफ्ट अधिनियम १९३९ चा. त्याची जागा घेणारा लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग यांविषयीचा महाराष्ट्राचा अधिनियम २०१७ चा. परवाना, तपासणी, अपघाताची जबाबदारी हे त्याचे विषय होत. सुगम्यतेसाठीही नियम आहेत. अपंग व्यक्तींसाठीच्या लिफ्टमध्ये आत २००० मिलिमीटर रुंदी व ११०० मिलिमीटर खोली, ९०० मिलिमीटरचा दरवाजा, बटणांच्या फलकाजवळ १००० मिलिमीटर उंचीवर किमान ६०० मिलिमीटर लांबीचा कठडा, दरवाजा मिटण्यापूर्वी किमान ५ सेकंदांचा अवधी, आणि मजला व दरवाजाची स्थिती ऐकू येईल अशी सोय, या अपेक्षा बांधकाम नियमावल्यांत दीर्घकाळ नोंदलेल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने विद्यमान सार्वजनिक इमारतीही, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याचे बंधन घातले. ते नियम २०१७ मध्ये आले. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक स्वरूपाची ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. त्या याचिकेचे कर्ते स्वत: दृष्टिबाधित आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

यावर इमारतीच्या व्यवस्थापकांचा एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. जुन्या इमारतीत लिफ्टचा शाफ्ट जिन्याच्या वळणात बसविलेला असतो. त्यात दोन मीटर रुंदीची केबिन मावणार नाही, आणि शाफ्ट रुंद करावयाचा तर जिना तोडावा लागेल. हे मान्य केले पाहिजे. परंतु उठावाचे आकडे असलेली बटणे, हाताला येणारा कठडा, मराठीतून मजला सांगणारा आवाज, न चमकणारा उजेड, ओल्या पायाला धरून ठेवणारी जमीन, खालपर्यंत आलेला आरसा यांपैकी एकाही गोष्टीला शाफ्ट रुंद करावा लागत नाही. स्पर्शफलक, ग्रॅनाइट आणि चकचकीत स्टील यांच्यापेक्षा त्या महाग आहेत असेही नाही. म्हणजे अडचण जागेची जेवढी आहे, त्याहून अधिक ती अग्रक्रमाची आहे.

स्टूल

जुन्या केबिनमधील एका वस्तूचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. ती वस्तू म्हणजे लिफ्टमनचे स्टूल. सप्टेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कमधील लिफ्टचालक, द्वारपाल आदी कामगारांनी संप केला तेव्हा त्या शहराची कार्यालये ठप्प झाली. चालकाविना चालणाऱ्या लिफ्टचा प्रसार त्यानंतर वाढला. आपल्याकडे स्वयंचलित लिफ्ट आल्यावरही कित्येक कार्यालयांत लिफ्टमन राहिला, कारण त्याचे काम केवळ बटण दाबण्याचे नव्हते. कोणते कार्यालय कोणत्या मजल्यावर हलले, कोणते साहेब आज रजेवर आहेत, गावाहून आलेल्या माणसाचा कागद नेमका कोणत्या टेबलावर द्यावयाचा, हे तो सांगत असे. इमारतीचा चौकशी-कक्ष तोच होता.

नव्या केबिनच्या आराखड्यात तो नसतो. आराखड्यात नसला तरी प्रत्यक्षात पुष्कळदा असतो. आणि मग स्टीलच्या भिंतींत, छताच्या दिव्यांखाली, एका कोपऱ्यात तेच जुने स्टूल पुन्हा दिसू लागते. आठ तास एका पेटीत राहणाऱ्या माणसाला कोठे बसावयाचे हे रचनाकाराने ठरविलेले नसते. दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क मिळावा म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. ज्या केबिनमध्ये माणूस नेमलेला आहे तिथे भिंतीला मिटणारी एक फळी बसविणे ही फार मोठी मागणी नव्हे. ती फळी लिफ्टमनच्या, आणि प्रसंगी धाप लागलेल्या एखाद्या वृद्ध प्रवाशाच्याही उपयोगी पडेल. १८५९ मध्ये जे सुचले होते ते आज सुचू नये, हे नवलाचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून जुन्या इमारतीतील लिफ्टचा अंतर्भाग बदलताना काही प्रश्न विचारावयास हवेत असे दिसते. डोळे मिटून आत शिरलेल्या माणसाला आपला मजला गाठता येईल काय? बसलेल्या माणसाचा हात सर्वांत वरच्या बटणापर्यंत पोहोचेल काय? वाढलेले वजन कोणी मोजले आहे काय? दहा वर्षांनी ही भिंत कशी दिसेल? जुन्या केबिनमधील लाकूड, पितळ, पाटी यांतील काय जपता येण्याजोगे आहे? आणि जो माणूस दिवसभर इथे राहणार आहे, त्याला कोणी विचारले काय? या प्रश्नांची उत्तरे देणारी केबिन कुरूप होईल असे मानण्याचे कारण नाही. सीग्रॅमची विणलेली भिंत हे त्याचे प्रमाण आहे.

शेवटी आपल्या स्वत:च्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपली महाविद्यालये आता बहुमजली झाली आहेत, आणि प्रशासकीय इमारतींत लिफ्ट आल्या आहेत. त्यांच्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ किंवा ‘विद्यार्थ्यांनी लिफ्टचा वापर करू नये’ अशा पाट्या आपण वाचल्या आहेत. काही आपणच लावविल्या असतील. गर्दी आवरण्यासाठी त्या लावल्या जातात, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याचा गुडघा, हृदय किंवा दृष्टी अधू आहे, आणि ज्याला ते प्रत्येक वेळी चारचौघांत सिद्ध करून दाखविण्याची लाज वाटते, तो ती पाटी वाचून जिन्याकडे वळतो. लिफ्टच्या अंतर्भागाची समीक्षा खरे तर त्या दारावरच्या पाटीपासून सुरू होते. माझे सहकारी ज्या इमारतीत एकटे जात होते तिथे आता ते कोणाला तरी सोबत घेऊन जातात. इमारत पूर्वीपेक्षा सुंदर झाली आहे असे तेथील लोक सांगतात. कोणासाठी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.